एंजल ग्रुप काढताय? आधी लीड कोण ते ठरवा

नमस्कार मंडळी! एंजल इन्व्हेस्टिंगच्या व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतोय: "आम्ही दहा-बाराजण पैसे घालायला तयार आहोत, इथल्या स्टार्टअप्ससाठी ग्रुप कसा उभा करायचा?" आज त्याच्यावरच बोलूया.

मूळ गोष्टी पटकन उरकते. एंजल म्हणजे स्वतःच्या खिशातले पैसे अगदी कोवळ्या कंपनीत घालून हिस्सा घेणारा माणूस. यातल्या बऱ्याच कंपन्या बुडतात आणि एखादीच बाकीच्यांची भरपाई करते, म्हणून सगळे पैसे एकीत घालायचे नाहीत. पैसे कित्येक वर्षं अडकून राहतात. आणि ज्यांनी विचारलंय "कर्ज काढून घालू का?", त्यांना हात जोडून सांगते, नाही. अजिबात नाही.

आता मुद्दा. ग्रुपमध्ये माणसं किती आहेत, हे मला नंतर सांगा. लीड कोण आहे, ते आधी सांगा. लीड म्हणजे जो फाउंडरशी अटी ठरवतो, टर्म शीट (सौद्याच्या मुख्य अटींचा कागद) लिहितो, कंपनीची नीट तपासणी करतो आणि पहिला चेक स्वतःचा फाडतो.

मी एका ग्रुपच्या बैठकीला बसले होते. पिच, म्हणजे फाउंडरने केलेली कंपनीची मांडणी, सुंदर झाली, फाउंडरकडे पैसे देणारे ग्राहकही होते. खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं, "बाकीचे आले तर मीही आहे." फाउंडर आनंदाने घरी गेली. पुढे कित्येक आठवडे ती एकेकाला फोन करत राहिली. प्रत्येकाने वेगळे कागद मागितले, प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव पुढे केलं. शेवटी तिने नोकरी धरली. खोलीभर होकार होते, पण पैसा शून्य. मला त्या दिवसाचा अजून राग येतो, कारण त्या खोलीत पैशांची कमतरता नव्हती. पहिली सही करणारं कुणी नव्हतं, एवढंच.

हीच गोष्ट गुंतवणूकदाराच्या खुर्चीतून बघा. फाउंडर म्हणते, "व्हॅल्युएशन 80 लाख, मला 20 लाख हवेत." तुम्ही समजलात 80 लाख प्री-मनी, म्हणजे पैसे येण्याआधीची किंमत. पैसे आल्यावर कंपनी 1 कोटीची, तुमच्या 20 लाखांना 20 टक्के हिस्सा. शेजारी बसलेला समजला 80 लाख पोस्ट-मनी, म्हणजे पैसे धरून. त्याच्या हिशोबाने 25 टक्के. दोघांनी मान डोलावली, दोघांचा सौदा वेगळा! लीड असला की हे एका कागदावर एकदाच लिहिलं जातं आणि बाकीचे त्याच अटींवर सही करतात.

आणि तिसरी बाजू, पुढच्या राउंडच्या, म्हणजे पैसे उभारण्याच्या पुढच्या फेरीतल्या गुंतवणूकदाराची. तो कॅप टेबल, म्हणजे कुणाकडे किती हिस्सा याची यादी, उघडतो तर पंधरा छोटी नावं, पंधरा वेगवेगळी पत्रं, प्रत्येक मंजुरीला पंधरा सह्या. म्हणून बरेच ग्रुप एक एसपीव्ही (स्पेशल पर्पज व्हेइकल, फक्त या गुंतवणुकीपुरती संस्था) करतात. सगळ्यांचे पैसे त्या एका संस्थेत, कंपनीच्या यादीत एकच नाव, सही एकाची. ती सही कुणाची? लीडची. फिरून तिथेच येतो आपण.

एकाने लिहिलंय, "गूगलला पहिला चेक मिळाला तेव्हा कुठे ग्रुप होता?" बरोबर आहे! ऑगस्ट 1998 मध्ये गुंतवणूकदार अँडी बेख्टोल्सहाइमने 1 लाख डॉलरचा चेक लिहिला, तेव्हा गूगल नावाची कंपनी नोंदलेलीसुद्धा नव्हती. त्याने दुसऱ्या कुणाची वाट पाहिली नाही. मी तेच तर म्हणतेय. उलट ॲमेझॉन बघा. जेफ बेझोसने स्वतःच सांगितलंय की पहिले 10 लाख डॉलर उभे करायला साधारण 60 जणांना भेटावं लागलं आणि वीसेक जणांनी सुमारे 50 हजार डॉलर प्रत्येकी दिले. तो टिकला. सगळे फाउंडर इतका वेळ तग धरू शकत नाहीत.

आता मला चीड आणणाऱ्या दोन गोष्टी. पिच ऐकण्यासाठी फाउंडरकडूनच फी घेणारे ग्रुप. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून तो तुमच्याकडे आलाय, त्याच्याकडूनच पैसे? आणि दुसरी, पहिल्याच राउंडला 40 टक्के मागणारे. हिशोब करा. फाउंडरकडे 60 उरले. पुढच्या दोन राउंडमध्ये उरलेल्यातले 20-20 टक्के गेले की 38.4. दोन फाउंडर असतील तर प्रत्येकी 19.2, आणि कंपनीची खरी मेहनत अजून पुढेच आहे. असं कॅप टेबल बघून पुढचा गुंतवणूकदार मागे फिरतो, मग तुमच्या 40 टक्क्यांनाही किंमत राहत नाही.

ग्रुप रुजतो तो पैसा फिरल्यावर, म्हणजे विकलेल्या कंपनीचा पैसा नव्या कंपनीत आला की. 2002 मध्ये ईबेने पेपाल ही ऑनलाइन पेमेंटची कंपनी विकत घेतली. तिच्या संस्थापकांपैकी पीटर थीलने 2004 मध्ये फेसबुकमध्ये 5 लाख डॉलर घातले. कंपनी विकून बाहेर पडलेला माणूस ग्रुपमध्ये असेल तर त्याला सोडू नका. त्याला नोकरभरतीही कळते आणि पगाराच्या तारखेची भीतीही.

लीड कायम एकच नको. ज्या धंद्यातली कंपनी, त्यातलं कळणारा त्या सौद्याचा लीड. कुणीच पुढे येत नसेल तर त्याच आठवड्यात फाउंडरला कारणासकट "नाही" सांगा. तो नकारसुद्धा तिच्या उपयोगाचा आहे, ती दुसरं दार ठोठावायला मोकळी होते.

राहिला प्रश्न, "सेफ वापरलं तर लीड कशाला?" सेफ हा वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअप्सना सुरुवातीचे पैसे देणाऱ्या अमेरिकन संस्थेने 2013 मध्ये आणलेला साधा करार, पैसे आज आणि शेअर पुढच्या राउंडला, प्रत्येकजण आपापला सही करू शकतो. 2018 पासूनच्या पोस्ट-मनी सेफमध्ये हिशोबही सरळ आहे: 1 कोटीची कॅप (हिश्श्याच्या हिशोबासाठी धरायची कंपनीची कमाल किंमत), 20 लाख दिले, तर पुढचा राउंड येईपर्यंत तुमचे 20 टक्के धरा. पण ती 1 कोटीची कॅप फाउंडरसमोर बसून ठरवली कुणी? एकाला 1 कोटी, दुसऱ्याला दीड कोटी, तिसऱ्याला कॅपच नाही, असे सेफ मी पाहिलेत. ते निस्तरताना वकिलाची फी कंपनीच्याच खात्यातून जाते. तुमच्या ग्रुपमध्ये कॅप कोण ठरवणार, ते खाली लिहा. मी वाचतेय.