वाडगा खाली ठेवण्याआधी

नामदेवांच्या पोळीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. भक्तीची गोष्ट म्हणून ती थोरच आहे. पण मी पडले कुत्र्यांना शिकवून पोट भरणारी, त्यामुळे मला भलताच प्रश्न पडतो. दुसऱ्या दिवशी तो कुत्रा कुठे असेल? माझ्या मते नामदेवांच्याच दारात. पोळी पळवली की मागून तूप येतं, हे कळायला त्याला एक फेरी पुरली असणार. (हशा)

हसू नका, आपल्या घरात रोज हेच चालतं. रात्रीचे आठ वाजले, तुम्ही वाडगा हातात घेतला. कुत्रा उड्या मारतो, भुंकतो, पायांत येतो. तुम्ही ‘अरे हो हो, थांब की रे बाबा’ म्हणत घाईघाईने वाडगा टेकवता. तुमच्या लेखी तुम्ही जेवण दिलंत. त्याच्या लेखी उड्यांचा पगार झाला. दिवसातून दोन वेळा म्हणजे वर्षाला सातशेतीस पगार, आणि वर आपण म्हणणार, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव शाळेत ऐकलेलं असतं. त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. कुत्र्यांच्या शिक्षणाशी त्याचा संबंध नव्हता. लाळ मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं, की खाणं तोंडात पडायच्या आधीच, ते आणणारा माणूस आला तरी कुत्र्याला लाळ सुटते. तुमच्या घरी त्या माणसाच्या जागी डब्याचं झाकण आहे. झाकण ‘टक्’ वाजलं की गच्चीवर झोपलेलं कुत्रं स्वयंपाकघरात हजर होतं. म्हणजे हाक मारली की येण्याचं शिक्षण अर्धं झालेलंच आहे, फक्त हाक झाकण मारतंय. मग आधी आपण ‘बंड्या, ये’ म्हणायचं, एक श्वास थांबायचं आणि मग झाकण वाजवायचं. क्रम उलटा केलात तर फुकट. झाकण वाजल्यावर तुमचं बोलणं कोण ऐकतंय? थोड्या दिवसांनी तो झाकणाची वाट न बघता निघतो.

आता वाडगा. हा मी तुम्हाला करूनच दाखवते. (टेबलावरचा वाडगा हातात घेत) वाडगा छातीशी धरायचा. तोंडाने काही बोलायचं नाही. कुत्रा उड्या मारेल, मारू दे. कधीतरी कंटाळून बूड टेकेल. टेकलं की वाडगा हळूहळू खाली आणायचा. तो मध्येच उठला की वाडगा परत वर. रागवायचं नाही, ‘नो नो’ नाही, लिफ्ट वर गेल्यासारखा नुसता वर. पुन्हा बसला, पुन्हा खाली. पहिल्या दिवशी पाठीला रग लागते. पण चार-पाच जेवणांत त्याला हिशोब कळतो, की उडी मारली तर वाडगा लांब जातो आणि बसलं तर जवळ येतो. मग त्या बसण्याला नाव द्यायचं, ‘बस’.

नाव मात्र घरात एकच ठेवा. आपली एक गंमत आहे. घरात सगळे मराठी बोलतात, पण कुत्र्याला बाबा ‘सिट’ म्हणतात, मुलगा ‘सिट डाऊन’, आजी ‘बैस रे राजा’. ते बिचारं तिघांच्या तोंडाकडे बघत उभं राहतं आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो.

ज्यांच्याकडे नवं पिल्लू आहे त्यांनी काही दिवस वाडगाच बाजूला ठेवा. सकाळच्या वाट्यातली एक मूठ खिशात घ्या. माझ्या मुठीत कोरड्या खाण्याचे साठ-सत्तर दाणे बसतात, म्हणजे साठ-सत्तर वेळा ‘शाब्बास’ म्हणायची सोय. हाक मारल्यावर आलं, एक दाणा. दारावरची बेल वाजूनही भुंकलं नाही, एक दाणा. हे रोजच्या खाण्यातूनच जाऊ द्या. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपलीकडे नको. उरलेलं खाणं त्याला हक्काने मिळालंच पाहिजे. शिकवण्यासाठी उपाशी ठेवणं हे शिक्षण नव्हे, छळ आहे. दूध-पोळी कालवून घालणाऱ्यांची मात्र अडचण होते, काला खिशात घालता येत नाही! उकडलेलं चिकन, पनीर किंवा गाजराचे नखाएवढे तुकडे चालतील. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं अजिबात नकोत. आणि प्रसादाचा शिरा प्रेमाने भरवणाऱ्यांनो, त्यातले बेदाणे म्हणजे द्राक्षंच. कुत्र्याचं मूत्रपिंड त्यांनी निकामी होऊ शकतं.

एक चूक माझीही सांगते. मी शिकत होते त्या काळात सर्रास सांगायचे, की कुत्रा खात असताना वाडग्यात हात घाला, मध्येच वाडगा काढून घ्या, मालक कोण ते त्याला कळू दे. बंड्या मला उसाच्या फडाशी सापडलेला गावठी. पिल्लूपणी भुकेची ओळख झालेली. मी इमानदारीने रोज त्याचा वाडगा ओढत असे. महिनाभराने माझं पाऊल वाजलं की तो खाता खाता दगडासारखा ताठ व्हायला लागला. मग घास भराभर गिळणं. मग घशातून बारीक गुरगुर. मी म्हटलं, माजला. अहो, तो कशाला माजतोय? जेवणाच्या ताटावरून तुम्हाला रोज उठवलं तर तुम्ही काय कराल?

मग मी उलटं सुरू केलं. तो खाताना चार हातांवरून जायचं आणि जाता जाता चिकनचा एक तुकडा वाडग्याच्या दिशेने टाकायचा. थांबायचं नाही, बघायचंही नाही. पुढे तीन हातांवरून, मग दोन. अंग ताठ दिसलं की पुन्हा मागे. दोन महिने गेले यात. एका संध्याकाळी माझी चाहूल लागली आणि त्याने वाडग्यातून तोंड काढून माझ्याकडे बघून शेपूट हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तुमचा कुत्रा आत्ताच दात दाखवत असेल, चावला असेल, तर मात्र हे एकट्याने करू नका, जाणकाराला घरी बोलवा.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्या सासूबाई टेबलाखालून पोळीचा तुकडा देतात, त्याचं काय करायचं?)

सासूबाईंना बंदी घालू नका, त्या लपवून देतील. आमच्याकडे हेच होतं. मी बंड्याची चटई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टाकली आणि सासूबाईंना म्हटलं, तुकडा तुम्हीच द्यायचा, पण तो चटईवर बसलेला असेल तरच, आणि तिथे जाऊन. गुडघे दुखतात म्हणून त्या दर घासाला उठेनात, आपोआप एका जेवणाला एकच तुकडा झाला. आता ताटं मांडली की बंड्या जाऊन चटईवर बसतो, आणि पाहुणे आले की सासूबाई सांगतात, ‘शिस्त मी लावली हो त्याला, हिचं काही ऐकत नव्हता.’