ऊन, पाऊस आणि सातेरीची वसाहत

श्रोतेहो, नमस्कार.

ऊन, दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस, रोगजंतू आणि फवारणीची औषधे या साऱ्यांना मधमाश्यांची वसाहत कशी तोंड देते, आणि कुठे तिची ताकद अपुरी पडते, याविषयी आज मी बोलणार आहे. गोव्यात झाडांच्या ढोलीत, जांभ्या दगडाच्या गडग्यांच्या पोकळीत आणि मधपाळांच्या लाकडी पेट्यांत राहणारी सातेरी माशी प्रामुख्याने माझ्या नजरेसमोर आहे. उंच झाडांवर आणि इमारतींच्या सज्जांखाली पोळी लावणाऱ्या आग्या माशीचा उल्लेख ओघाने येईल.

पहिला प्रश्न उष्णतेचा. मधमाशीच्या पिलाव्याला, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष यांना, 33 ते 36 अंश सेल्सिअस एवढ्या अरुंद पट्ट्यातलेच तापमान मानवते. मेलीफेरा या मूळच्या परदेशी, पेटीत पाळल्या जाणाऱ्या जातीच्या माश्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, 32 अंशांवर वाढलेल्या माश्या 36 अंशांवर वाढलेल्या माश्यांपेक्षा शिकण्यात आणि लक्षात ठेवण्यात मागे पडतात. म्हणून वसाहत पिलाव्याचे तापमान डोळ्यांत तेल घालून सांभाळते. गारवा वाढला, तर कामकरी माश्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. उकाडा वाढला, तर काही माश्या पोळ्यावरून बाजूला होतात, काही दाराशी रांगेने उभ्या राहून पंखांनी वारा घालतात, आणि तेवढ्याने भागले नाही, तर पाणी आणले जाते. हे पाणी पोळ्याच्या घरांत पातळ थराने पसरले जाते आणि मातीच्या माठाप्रमाणे बाष्पीभवनाने आतली हवा थंड होते.

पाणी आणणाऱ्या माशीला आणखी किती खेपा करायच्या हे कसे कळते, याचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर यांनी 1950 च्या दशकात केला, आणि मला तो या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पाणी आणणारी माशी दाराजवळच्या माशीला आपले पाणी देते आणि लगेच परत फिरते. पिलाव्याचे तापमान मोजायला ती आत जात नाही. आत उकाडा असेल, तर घरातल्या माश्या तिच्यावर तुटून पडतात आणि पाणी क्षणात उतरवून घेतात. गरज सरली की तिला घेणारी माशी शोधत बराच वेळ फिरावे लागते. या वाट पाहण्याच्या वेळेवरूनच ती पुढची खेप करायची की थांबायचे हे ठरवते. लिंडाउअर यांनी इटलीतल्या सालेर्नोजवळच्या लाव्हाच्या मैदानावर भर उन्हात पेटी ठेवून पाहिली, तेव्हा भरपूर पाणी मिळालेल्या वसाहतीने आतले तापमान पिलाव्याला सोसवेल एवढेच राखले होते.

वारा घालण्याच्या कामातही अशीच एक रचना आहे. राणी माशी अनेक नरांशी संयोग करते, त्यामुळे एकाच वसाहतीतल्या कामकरी माश्या अनेक बापांच्या लेकी असतात. काहींना थोडासा उकाडाही असह्य होतो आणि त्या लगेच वारा घालू लागतात, तर काही बऱ्याच उशिरा कामाला लागतात. सगळ्यांची सहनशक्ती सारखी असती, तर साऱ्या एकदम पंख हलवू लागल्या असत्या, पोळे गरजेपेक्षा जास्त गार झाले असते आणि साऱ्या एकदम थांबल्यावर पुन्हा तापले असते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की, अनेक बापांच्या वसाहतीत पिलाव्याचे तापमान एकाच बापाच्या वसाहतीपेक्षा अधिक स्थिर राहते.

गोव्याची अडचण मात्र वेगळी आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचा पारा घाटावरच्या गावांइतका चढत नाही, पण हवेत बाष्प इतके असते की पाणी लवकर सुकत नाही. बाष्पीभवन मंदावले की तेवढ्याच गारव्यासाठी माश्यांना जास्त वेळ पंख हलवावे लागतात, आणि त्या श्रमाचे इंधन म्हणजे साठवलेला मध. यामुळे उघड्या कातळावर किंवा तापलेल्या पत्र्याखाली पेट्या मांडणे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते. कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या सावलीत, वाहत्या पाटापासून जवळ ठेवलेल्या पेटीतल्या माश्यांची हीच शक्ती मध गोळा करण्याकडे वळते.

आग्या माशीचे पोळे तर उघड्यावरच असते. त्यावर माश्यांच्या अंगाचाच थरावर थर असलेला पडदा तयार होतो आणि ऊन-पाऊस तोच झेलतो. गांधीलमाशी जवळ आली की या पडद्यावर पोटे उंचावण्याची लाट झरझर पसरते आणि शत्रू बिचकतो. सातेरीची रीत आणखी धाडसाची आहे: शेकडो माश्या गांधीलमाशीला गोळ्यात कोंडतात आणि आतले तापमान 46 अंशांच्या आसपास नेतात. गांधीलमाशी त्यात मरते, माश्या मात्र ती उष्णता थोड्या फरकाने सोसू शकतात.

मग येतो पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळात काजू, जांभूळ, सावर यांचा बहर संपलेला असतो, माडाची फुले असली तरी पावसामुळे माश्यांना बाहेर पडता येत नाही. अशा वेळी राणी अंडी कमी घालते, नरांना हाकलले जाते आणि तुटवडा फारच झाला, तर कामकरी माश्या कोवळ्या पिलाव्यातले प्रथिन परत खाऊन घेतात. माश्या कमी झाल्या की पोळ्याचा काही भाग उघडा पडतो आणि तिथे पोळ्याचे मेण पोखरणारा मेणकिडा शिरतो. शेवटी सातेरी पेटी सोडून निघून जाते. मधपाळाला ते नुकसान वाटते, पण उपाशी जागी मरण्यापेक्षा दुसरीकडे जाणे हा तिचा फार जुना आणि शहाणपणाचा बचाव आहे. मे महिन्यात पोळ्यातला शेवटचा मध काढून घेणाऱ्याने तिच्या जाण्याबद्दल तक्रार करू नये.

रोगांच्या बाबतीत सातेरीने बरेच कमावले आहे. व्हॅरोआ कोळी, म्हणजे माश्यांच्या अंगाला आणि पिलाव्याला चिकटून जगणारा बारीक जीव, हा मुळात तिचाच परजीवी. ती अंगावरचे कोळी खरवडून काढते, लागण झालेला पिलावा उपटून टाकते, आणि तिच्या वसाहतीत हा कोळी मुख्यतः नरांच्या पिलाव्यातच वाढतो. मेलीफेराला हे संरक्षण फारसे नाही, म्हणून तोच कोळी तिच्या वसाहती संपवतो. पण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अळ्यांना मारणारा थाई सॅकब्रूड विषाणू दक्षिण भारतात आला, तेव्हा सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या. तगून राहिलेल्या थोड्या वसाहतींपासून मधपाळांना पुन्हा सुरुवात करावी लागली.

या साऱ्या संकटांशी मधमाशीची ओळख जुनी आहे. कीटकनाशकांशी नाही. 2006 साली मेलीफेराचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा विषारी द्रव्ये निकामी करणारी जनुके तिच्यात फळमाशीपेक्षा बरीच कमी असल्याचे दिसून आले. जी आहेत, ती जागी करणारे एक द्रव्य परागकणांत असते आणि त्यांच्यामार्फत मधातही उतरते, हे 2013 साली अमेरिकेत सिद्ध झाले. साखरेच्या पाकात ते नसते. पावसाळ्यात पाक देणे आवश्यकच असते, त्याने माश्या जगतात. पण निव्वळ पाकावर राहिलेली वसाहत काजूच्या हंगामात फवारणीला सामोरी जाते, तेव्हा तिची तयारी कमी पडण्याचा धोका असतो. म्हणून वसाहतीसाठी पेटीत थोडा मध आणि पराग राखून ठेवावा, आणि बागेच्या कडेला वर्षभर काही ना काही फुलत राहील अशी रानझाडे असू द्यावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

काजूवर ढेकण्या ही रस शोषणारी कीड पडते ती नेमका पालवी आणि मोहर येण्याच्या काळात, आणि तेव्हाच फवारणी होते. बागायतदारांनी प्रादुर्भाव पाहूनच औषध वापरावे, फवारणी सूर्य मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्या की करावी, आणि आदल्या दिवशी शेजारच्या मधपाळाला कळवावे, म्हणजे त्याला पेट्या हलवता येतील किंवा त्यांची दारे रात्रीपुरती जाळीने बंद करता येतील. सकाळी दारे उघडण्यापूर्वी पेटीजवळ ताज्या पाण्याचे पसरट भांडे, आत खडे घालून, ठेवलेले असावे. दव आणि फवारा साचलेल्या पानांवरचे पाणी पिण्याची वेळ मग माश्यांवर सहसा येत नाही.

नमस्कार.