क्षमेच्या पलीकडे एखादं पाप आहे का?

(सोलापुरातील एका व्याख्यानाचा संपादित मजकूर)

बंधू-भगिनींनो, उपवासकाळात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि तोही बाजूला घेऊन, हळू आवाजात: ‘माझ्या हातून ते पाप तर घडलं नसेल ना?’ ‘ते’ म्हणजे बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातलं. माणसांच्या सगळ्या पापांची क्षमा होईल, पण पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण करणाऱ्याला कधीच नाही, असं प्रभू येशू तिथे म्हणतो. या वाक्यानं झोप उडालेली माणसं आपल्या मंडळ्यांमध्ये आहेत. त्यांच्यासाठीच आज बोलतोय.

हे वाक्य कुणाला उद्देशून आहे ते आधी पाहा. यरुशलेमेहून आलेले शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे शिक्षक, समोर आहेत. भुतं निघतायत, माणसं बरी होतायत, आणि तरी ते म्हणतात, हा भुतांचा अधिपती बालजबूल याच्या बळावर हे करतो. मार्क लगेच खुलासाही करतो: याला अशुद्ध आत्मा लागलाय असं ते म्हणत होते, म्हणून प्रभू हे बोलला. लेकरू गेल्यावर आईनं देवाला रागानं काही म्हटलं असेल, तर ते यात येत नाही. देवाचं काम डोळ्यांसमोर चाललेलं असताना त्याला सैतानाचं म्हणायचं, आणि म्हणतच राहायचं, हा इथला विषय आहे. शेवटच्या श्वासापर्यंत पश्चात्ताप नाकारणं असा अर्थ प्राचीन मंडळीचा थोर शिक्षक ऑगस्टिन यानं लावला. मला तो पटतो. मग ‘माझ्याकडून घडलं का’ या विचारानं ज्याला घाम फुटतो, तो पश्चात्ताप नाकारतोय कुठे?

इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय तुम्ही पुढे कराल. जे पडले, म्हणजे विश्वास सोडून गेले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं तिथे आहे. कठीण उतारा आहे, मी तो सौम्य करून सांगणार नाही. पण प्रत्यक्ष माणसं पडली तेव्हा मंडळीनं काय केलं, ते ऐका.

रोमन सम्राट डेसियसचा हुकूम निघाला. साल २५०. सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी दिला. काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. भावकीनं वाळीत टाकायची धमकी दिली की कणखर माणूसही कसा मागे सरतो, हे ज्यांचे पणजोबा पहिल्यांदा ख्रिस्ती झाले त्या घरांना मी सांगायला नको. छळ ओसरल्यावर हीच माणसं रडत परत आली. रोममध्ये नोव्हाशियन नावाचा पाळक म्हणाला, यांना क्षमा करायचा अधिकार मंडळीला नाहीच. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियननं तसं मानलं नाही, पण दारही सताड उघडलं नाही. २५१च्या सभेत ठरलं, दाखला विकत घेणाऱ्यांचा एकेकाचा विचार करून त्यांना परत घ्यायचं. बळी देणाऱ्यांना मरणसमयी. पुढे नव्या छळाची चिन्हं दिसली, तेव्हा पश्चात्तापात टिकून राहिलेल्या सगळ्यांनाच प्रभुभोजन द्यायचं ठरलं. विश्वासाची साक्ष देत मरायला निघालेल्यांना त्या अन्नावाचून पाठवायचं कसं? हा सिप्रियन क्षमा स्वस्तात वाटणारा नव्हता. २५८ साली विश्वासासाठी त्याचं स्वतःचं शिर उतरवलं गेलं. आणि ३२५च्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेनं नोव्हाशियनच्या पंथातून परतणाऱ्या पाळकांना अट घातली: पडून उठलेल्यांशी सहभागिता ठेवू, असं लेखी द्या.

पेत्राबद्दल वेगळं सांगत नाही. ‘मी येशूला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणणाऱ्या या शिष्याच्याच हाती प्रभूनं आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, दिली.

आता दुसऱ्या टोकाचं बोलतो, कारण इथे मला जास्त काळजी वाटते. क्षमेला मर्यादा नाही म्हटलं की काही जण निर्धास्त होतात. जकातदार जक्कय आठवा. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो, असं तो उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, आणि ‘आज या घराला तारण मिळालं’ हे प्रभूचे शब्द त्यानंतर आले. विड्या वळणाऱ्या बायकांच्या भिशीचे पैसे कुणी खाल्ले असतील, तर त्यानं देवापुढे जरूर रडावं. पण त्या बायकांच्या दारीही जावं, पैसे घेऊन.