गंधकाची पकड

नमस्कार श्रोतेहो.

सणाच्या आदल्या दिवशी कपाटातून चांदीचं निरांजन काढावं, तर ते काळवंडलेलं! हवा लागली, असं आपण म्हणतो. ते खरंच, पण त्या हवेतला मुख्य गुन्हेगार हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास याच वायूचा. हवेत तो नाममात्र असतो, तरी त्यातला गंधक चांदीला धरतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून मिळणाऱ्या चांदीच्या दागिन्यांवरचा काळेपणाही बहुधा गंधकाचाच असतो.

ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन घट्ट आवळून ठेवतो. गंधकाचा अणू मोठा, त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल. चांदी, तांबं, सोनं यांच्याशी त्यांची भागीदारी चटकन जमते.

हो, सोनंसुद्धा! ऑक्सिजनला दाद न देणारं सोनं गंधकाला जवळ करतं. 1983 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी दाखवलं, की गंधक असलेले सेंद्रिय रेणू सोन्यावर आपणहून शिस्तीत थर बांधतात. आता त्यासाठी बहुतेक वेळा थायॉल वापरतात : एका टोकाला गंधक, मागे कार्बनची लांब शेपटी. सोन्याचा पत्रा द्रावणात बुडवला की गंधक पृष्ठभाग धरतो, शेपट्या वर उभ्या राहतात. दोन रेणूंत अंतर जेमतेम अर्धा नॅनोमीटर. सगळे एकाच बाजूला साधारण 30 अंशांनी कललेले, वाऱ्यात झुकलेल्या भातासारखे. मला हे चित्र फार आवडतं. अशा पत्र्यावर पाण्याचा थेंब अळूच्या पानावरच्यासारखा गोळा होऊन बसतो. शेपटीचं टोक बदललं, तर तिथेच पाणी पसरतं.

हीच पकड खत कारखान्यात नको असते. तिथे नैसर्गिक वायूवर प्रक्रिया करायला निकेलचा उत्प्रेरक, म्हणजे क्रिया वेगाने घडवून आणणारा पदार्थ, वापरतात. त्यावर गंधक ठाण मांडून बसला, तर वायूंना जागाच उरत नाही. म्हणून नैसर्गिक वायूतला गंधक आधीच काढून टाकतात.

आणि निरांजनाचं काय? घासलंत, तर काळ्या थराबरोबर चांदीही जाते. त्यापेक्षा भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरा, निरांजन तिला टेकवून ठेवा, वर खायचा सोडा आणि कढत पाणी घाला. अॅल्युमिनियमचे इलेक्ट्रॉन चांदीकडे जातात, गंधक सुटतो आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. खडे जडवलेल्या वस्तू मात्र त्यात घालू नका. पाण्यातून सडक्या अंड्याचा वास आला, तर खिडकी उघडा : निरांजनावरचा गंधक निघाला आहे.