अंतर भागिले वेग म्हणजे विमानप्रवासाचा वेळ नव्हे

नमस्कार. सिंगापूर ते न्यूयॉर्क अंतर किती आणि वेळ किती लागतो, असे आपल्यापैकी अनेकजण सतत विचारत असल्यामुळे आज तेवढ्याच विषयावर बोलतो. पृथ्वीगोलावर या दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला, तर अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर भरते, आणि थेट विमानाला वेळापत्रकानुसार साधारण साडेअठरा ते एकोणीस तास लागतात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नये, हे आपण जाणताच.

खरी अडचण पुढे आहे. एका प्रेक्षकाने १५,३०० ला ९०० ने भागून सतरा तास काढले आणि उरलेला वेळ कुठे गेला, असे विचारले. थोडा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्या-उतरण्यात आणि वळसा घेतलेल्या मार्गात जातो, हे खरेच आहे. परंतु ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो आणि ती हवा स्वतःच वाहत असते, ही गोष्ट या भागाकारात कुठेच येत नाही.

अटलांटिक ओलांडताना समोरच्या पडद्यावर ताशी १,१०० किलोमीटर हा आकडा मी प्रथम पाहिला, तेव्हा मला तो चुकीचाच वाटला होता. तो जमिनीच्या तुलनेतला वेग होता, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, आमच्या पाठीशी होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले, तेही याच वाऱ्यामुळे. एरवी या दिशेला साडेसहा-सात तास लागतात आणि उलट दिशेला त्याहून तासभर अधिक.

जाताना वाचलेला वेळ येताना फिटतो आणि हिशेब बरोबर होतो, असेही अनेकजण लिहितात. ते मला मान्य नाही, कारण ती साधी गणिती चूक आहे. ६,००० किलोमीटर अंतर, विमानाचा वेग ९०० आणि वारा १०० धरा. वाऱ्यासोबत ६ तास, वाऱ्याविरुद्ध साडेसात तास, म्हणजे एकूण साडेतेरा; वारा नसता तर १३ तास २० मिनिटे. विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून तोटा नेहमी नफ्याहून मोठा असतो.

जेट प्रवाह हिवाळ्यात अधिक जोरदार असल्याने, कोणत्याही मार्गाचा वेळ विचारताना आपण कोणत्या दिशेने आणि कोणत्या महिन्यात निघणार आहात, हेही कृपया लिहा. त्याशिवाय मला नेमके उत्तर देता येत नाही.