बडोद्याची गादी आणि परकी फौज

(दृश्य: बडोद्यातली मांडवी, सकाळची रहदारी)

याच शहरातला एक राजा १८७५ साली परक्या सत्तेनं गादीवरून उतरवला. मल्हारराव गायकवाड. रयत गांजलेली होती, हे खरंच. इंग्रजांनी चौकशीसाठी नेमलेल्या मीड आयोगापुढे तक्रारींची रीघ लागली, तेव्हा व्हाइसरॉय नॉर्थब्रुकनं कारभार सुधारायला १८७५ अखेरपर्यंत मुदत दिली.

ती मुदत पुरी होऊच दिली नाही. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला आणि जानेवारीत महाराजांना अटक झाली. चौकशीला सहा जण बसले. तिघे इंग्रज म्हणाले, दोषी. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. तीन विरुद्ध तीन! मग सरकारनं विषाची गोष्ट बाजूला ठेवली, गैरकारभाराचं कारण पुढे केलं आणि एप्रिलमध्ये महाराजांना मद्रासला धाडलं.

फिर्याद इंग्रजांची, निवाडा त्यांचा, फौजही त्यांचीच. राजा जुलमी होता म्हणून ही खोट झाकली जात नाही.

(दृश्य: सुरक्षा परिषदेचं सभागृह)

आजचा कायदा हीच खोट काढू पाहतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) दुसऱ्या देशावर बळ वापरायला मनाई करतं. वाटा दोनच: कलम ५१ खाली स्वसंरक्षण, नाहीतर सुरक्षा परिषदेची परवानगी. तिथे १५ पैकी ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकार चालत नाही. म्हणून १९७१ मध्ये कोटभर निर्वासित आलेले असतानाही भारतानं मुख्य आधार घेतला तो ३ डिसेंबरच्या पाकिस्तानी विमानहल्ल्याचा.

लिबियाच्या वेळी परवानगी मिळाली. १७ मार्च २०११, ठराव क्रमांक १९७३: दहा मतं बाजूनं, पाच तटस्थ, त्यात भारतही. परवानगी होती नागरिकांच्या रक्षणापुरती. मोहीम थांबली ती तिथला हुकूमशहा गद्दाफी मारला गेल्यावर. बडोद्यासारखंच इथेही कारण वाटेत बदललं, आणि त्याचा राग रशिया-चीननं पुढे सीरियाच्या ठरावांना नकार देऊन काढला.

राजा गेल्यावर काय, याची तजवीज बडोद्यात लगेच झाली. २७ मे १८७५ ला कवळाण्याचा मुलगा, पुढचे सयाजीराव, दत्तक घेतला, दिवाणगिरी टी. माधवरावांकडे आली. लिबियात बंदुका टोळ्यांच्याच हातात राहिल्या. २०१४ साली तिथे दोन सरकारं उभी होती.