बिल्ला कुणाच्या खिशात?

[पडदा काळा. जुन्या फोनच्या बटणांची टकटक. मग एक इवलासा पडदा उजळतो.]

टोकियोची लोकल, साल २००२. एका हाताने कडी धरून उभा असलेला माणूस दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन चाळतोय. मुंबईकराला ही पोझ आज पाठ आहे, पण तेव्हा आपल्याकडच्या लोकलमध्ये ती अजून यायची होती. तो रिंगटोनच्या एका साइटवर आहे. लॉगिन केलं, गाणं निवडलं, पुढचं पान उघडलं. साइटला तो कोण ते ठाऊक आहे.

पण कसं? त्या फोनमध्ये कुकी ठेवायची सोयच नव्हती.

[दृश्य: देवळाबाहेरचा चप्पल स्टँड. मांडणीत खचाखच चपला.]

वेब ज्या एचटीटीपी नावाच्या नियमांवर चालतं, ते जन्मजात विसराळू आहेत. तुम्ही पान मागता, सर्व्हर पान देतो आणि तुम्हाला विसरतो. पुढच्याच क्षणी तुम्ही पुन्हा दारात उभे राहिलात, तरी त्याच्या लेखी परके. यावर नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये जो उपाय काढला, तो आपल्याला देवळाबाहेर रोज दिसतो. चपला ठेवा, बिल्ला घ्या. स्टँडवाल्याला तुमचं तोंड लक्षात ठेवावं लागत नाही. बिल्ला तुमच्या खिशात असतो आणि परत येताना तुम्ही तो पुढे करता. कुकी म्हणजे हा बिल्ला. ब्राउझर तो सांभाळतो आणि ज्या साइटने दिला तिलाच दाखवतो.

आता समजा, गिऱ्हाइकाला खिसाच नाही.

[दृश्य: दुकानातल्या काचेमागे रंगीबेरंगी जुने हँडसेट.]

जपानच्या एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीची आय-मोड, म्हणजे फोनवरच्या इंटरनेटची सेवा, २२ फेब्रुवारी १९९९ रोजी सुरू झाली. महिन्याला ३०० येन, वर डेटाच्या प्रत्येक पॅकेटला ०.३ येन. पॅकेट केवढं? १२८ बाइट्सचं. वेग सेकंदाला ९,६०० बिट्स. सेवेला नाव दिलं मात्सुनागा मारी यांनी, आणि त्या होत्या मासिकाच्या संपादक, इंजिनिअर नव्हेत. कुरिता शिगेताका यांची १७६ इमोजी याच सेवेसाठी काढलेली, तो एक वेगळाच माहितीपट होईल. दीड वर्षात आय-मोडचे ग्राहक १ कोटीवर गेले. आणि या सगळ्यांच्या हातातल्या ब्राउझरला कुकी माहीत नव्हती.

साइट बनवणाऱ्यांनी मग बिल्ल्याचा नंबर पत्त्यातच घातला. तुम्ही लॉगिन केलंत की सर्व्हर एक सेशन क्रमांक काढायचा आणि पुढच्या पानावरच्या प्रत्येक लिंकच्या शेपटाला तो चिकटवायचा. ज्या लिंकवर दाबाल, तिच्यासोबत क्रमांक आपोआप सर्व्हरकडे परत. फॉर्म असेल तर तोच क्रमांक एका अदृश्य रकान्यात. पीएचपी या साइट बनवायच्या भाषेत हे शेपूट लावायचं काम एका सेटिंगवर व्हायचं, ट्रान्स-सिड त्याचं नाव. जावा भाषेत साइट लिहिणाऱ्या सर्व्हलेटवाल्यांना मात्र प्रत्येक लिंक ‘एन्कोड-यूआरएल’ या फंक्शनमधून आठवणीने काढावी लागे. एक लिंक सुटली की साखळी तुटली, आणि गिऱ्हाईक पुन्हा लॉगिनच्या पानावर.

याचा खर्चही होता, आणि तो भरायचा वापरणाऱ्याने. पीएचपीचा क्रमांक ३२ अक्षरी, त्यापुढे नाव आणि चिन्हं मिळून आणखी ११. म्हणजे एका लिंकला ४३ बाइट्स. पानावर २० लिंका धरा, झाले ८६० बाइट्स. सात पॅकेट्स. दोन येन निव्वळ शेपटांचे, आणि हे दर पानाला!

[दृश्य: दोन फोन समोरासमोर. एकातून दुसऱ्यात मेल जातो.]

पैशांचं एक वेळ चालून जाईल. खरी पंचाईत अशी की पत्ता ही लपवून ठेवायची गोष्टच नव्हे. पत्ता द्यायचा असतो. लोकलमधल्या त्या माणसाने ‘हे गाणं बघ’ म्हणून मित्राला लिंक पाठवली, की मित्र त्याच्याच नावाने आत. बिल्ल्याचा नंबर पाटीवर लिहून गळ्यात अडकवावा, तसला प्रकार.

भामट्यांनी तर हे उलटंही वापरलं. तुमचा क्रमांक चोरायची दगदग नको, आपलाच तुम्हाला द्यावा. भामटा साइटवर जाऊन एक क्रमांक घेतो, तो लावलेली लिंक तुम्हाला पाठवतो, तुम्ही तिच्यावरून लॉगिन करता. आता एकाच क्रमांकावर दोघे आत. स्लोव्हेनियातल्या मित्या कोल्शेक यांनी डिसेंबर २००२ मध्ये या युक्तीची रीतसर मांडणी केली, तेव्हापासून तिला सेशन फिक्सेशन म्हणतात. उतारा एका ओळीचा: लॉगिन झालं की जुना क्रमांक फेकून नवा द्या. ही ओळ न लिहिलेल्या साइट्स मात्र पुढेही सापडत राहिल्या.

[दृश्य: फोन, मधे एक मोठी पेटी, पलीकडे सर्व्हर. पेटीवर ‘गेटवे’.]

डोकोमोच्या अधिकृत यादीतल्या साइट्सना याहून सोयीचा रस्ता होता. फोन आणि इंटरनेट यांच्या मधे कंपनीचा गेटवे बसलेला, आणि फोन कुणाचा हे गेटवेला पक्कं ठाऊक. तेव्हा लिंकमध्ये ‘नल-जीडब्ल्यू-डोकोमो’ एवढंच लिहायचं. रोमन लिपीत बरोबर १२ अक्षरं. विनंती गेटवेतून जाताना ती १२ अक्षरं पुसली जायची आणि त्या जागी ग्राहकाची १२ अक्षरी ओळख यायची. साइट बनवणाऱ्याला काही सांभाळायला नको, वापरणाऱ्याला काही टाइप करायला नको. मला ही युक्ती मनापासून आवडते. तेवढीच तिची भीतीही वाटते.

प्रतिस्पर्धी एयूच्या फोनवर कुकी चालायची, पण साध्या, कुलूप नसलेल्या जोडणीवर ती फोनमध्ये राहतच नसे. ती राहायची कंपनीच्या सर्व्हरवर. तुमचा बिल्ला, पण खिसा कंपनीचा.

मार्च २००८ मध्ये डोकोमोने ही सोय यादीबाहेरच्या साइट्सनाही खुली केली. सात अक्षरांचा आय-मोड आयडी. लिंकमध्ये ‘जीयूआयडी बरोबर ऑन’ लिहिलं की तो विनंतीच्या हेडरमधून, म्हणजे तिच्यासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींतून, साइटला मिळे. त्यावर ‘कान्तान लॉगिन’, म्हणजे सोपं लॉगिन, सर्रास रूढ झालं. पासवर्ड नाही, एक बटण दाबलं की आत.

पण हेडर हा शेवटी मजकूरच. संगणकावर बसून तो कुणीही हाताने लिहू शकतो. म्हणून विनंती डोकोमोच्याच आयपी पत्त्यांवरून, म्हणजे तिच्या यंत्रांच्या इंटरनेटवरच्या क्रमांकांवरून, आली का, हे साइटने तपासणं भाग होतं. त्यात चूक केली की कुणाचंही खातं उघडं. शिवाय एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीत गेटवेला आत हातच घालता येत नसे, तिथे हा आयडी मिळायचाच नाही. म्हणजे ओळख पटवायची तर कुलूप काढून ठेवायचं.

[दृश्य: हातावरचं हिरवं गोंदण, अगदी जवळून.]

आणि हा आयडी प्रत्येक साइटला तोच मिळायचा. हँडसेट बदला, आयडी तोच. तो न पाठवण्याचं सेटिंग होतं, पण मग सोप्या लॉगिनवर विसंबलेल्या साइट्स दार उघडत नसत. हा बिल्ला नव्हे, हे गोंदण. कोणत्याही देवळात जा, हातावर तोच नंबर.

माँटुलींनी पुढे लिहून ठेवलंय की १९९४ मध्ये त्यांच्यासमोर हाच पर्याय होता: प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यावा. त्यांनी तो मोडीत काढला, कारण मग सगळ्या साइट्स मिळून एका माणसाचा माग काढू शकल्या असत्या. ज्या कुकीच्या नावाने आज सगळे बोटं मोडतात, ती हे टाळायला जन्मली होती.

[दृश्य: २००९ चा घडीचा फोन उघडतो.]

मे २००९. डोकोमोच्या नव्या फोनांत ‘आय-मोड ब्राउझर २.०’ आला आणि कुकी एकदाची चालू लागली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, पण जरा थांबा. जुने फोन आणखी एक गोष्ट करत नसत: आपण कोणत्या पानावरून आलो, हे ते पुढच्या साइटला सांगत नसत. त्या हेडरला रेफरर म्हणतात. ते मुकं होतं, म्हणून पत्त्यातला सेशन क्रमांक बाहेरच्या लिंकवर दाबलं तरी सांडत नव्हता. नवा ब्राउझर रेफरर पाठवू लागला. जुन्या फोनांसाठी पत्त्यात क्रमांक ठेवणाऱ्या साइटवर आता नवा फोन आला, की बाहेर पडताना तो क्रमांक दुसऱ्या साइटच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहून जायचा. फोन सुधारला आणि साइटला भोक पडलं.

वर्षानुवर्षं दोन्ही रांगा सांभाळाव्या लागल्या, कुकीवाले वेगळे, बिनकुकीचे वेगळे. मग स्मार्टफोन आले आणि प्रश्न मागे पडला. आय-मोडच्या शेवटाची तारीख डोकोमोने २०१९ मध्येच जाहीर केली: ३१ मार्च २०२६. नोव्हेंबर २०२४ च्या पीएचपी ८.४ मध्ये ट्रान्स-सिडवरही ‘वापरू नका’चा शिक्का बसला.

[दृश्य: खण उघडतो. आत जुना फोन. चार्जर जोडला जातो.]

लोकलमधल्या माणसाने ते रिंगटोनचं पान बुकमार्क केलं असेल, तर पत्त्याच्या शेवटी ती ३२ अक्षरं आजही तशीच असतील. सर्व्हरच्या बाजूला पीएचपीचं मूळ सेटिंग १,४४० सेकंदांचं. चोवीस मिनिटं हालचाल दिसली नाही, की नोंद कचऱ्यात जायला मोकळी. तो घरी पोचेपर्यंत साइट त्याला विसरलीही असेल.

[पडदा विझतो.]